साइटवर मोफत एसएसएल बसत नाही, तरी मोबाइलवर कुलूप दिसतं. हे कसं?

देवबागची_मामी

नमस्कार मंडळी. देवबागला आमचा होमस्टे आहे, दोन खोल्या आणि घरचं जेवण. साइट भाच्याने वर्डप्रेसवर करून दिलीय. जुनं होस्टिंग फार रखडायचं, म्हणून गणपतीत तो आला तेव्हा आम्ही साइट दुसरीकडे हलवली. पुण्याला परत जाताना म्हणाला, "मामी, एसएसएल आपोआप लागेल, तू नुसतं बघत राहा." (एसएसएल म्हणजे साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप आणणारं सर्टिफिकेट.) मी बघतेय. तीन आठवडे झाले.

घरच्या वायफायवर लॅपटॉपमध्ये साइट उघडली की लाल त्रिकोण येतो, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून. काल ठाण्याच्या एका बाईंचा फोन आला, "ऑफिसातून उघडली तर धोका दाखवतेय, आगाऊ पैसे कसे पाठवू?" पण माझ्या मोबाइलवर तीच साइट कुलपासकट व्यवस्थित उघडते. (पडवीत वायफाय पोचत नाही, तिथे मी मोबाइलचाच डेटा वापरते.) त्यामुळे आधी वाटलं, त्यांच्याच कॉम्प्युटरचा घोळ असेल.

सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या सेटिंगच्या पानावर, लेट्स एन्क्रिप्टचं (मोफत सर्टिफिकेट देणारी संस्था) बटण आहे. दाबलं की एरर. रागाने सात-आठ वेळा दाबलं, तर आता म्हणतं खूप प्रयत्न झाले, नंतर या. आधीचा एरर वहीत उतरवलाय: वेल-नोन नावाच्या फोल्डरातली कसलीशी फाइल मागितली, ४०४ मिळालं. आणि सुरुवातीला लांबलचक आयपी (सर्व्हरचा पत्ता), त्यात अक्षरं आणि कोलन. आमच्या नव्या सर्व्हरचा आयपी तर साधा, चार आकड्यांचा आहे.

होस्टिंगवाले म्हणतात, वर्षाला अडीच हजारांचं घ्या, लगेच लागेल. आमचे हे म्हणतात, "कित्याक?" दिवाळीचं बुकिंग तोंडावर आलंय.

हो, आणि परवा एक पाहुणे दरावरून भांडले. साइटवर १८०० लिहिलंय म्हणे. नवी साइट चालू केली तेव्हाच २२०० केलेत. जुना स्क्रीनशॉट असेल त्यांच्याकडे, पण तो विषय वेगळा.

सरळमार्गी

अडीच हजार भरा आणि मोकळ्या व्हा. फुकटचं ९० दिवसच टिकतं, दर वेळी हीच कटकट. धंदा आहे, इथे काटकसर कशाला?

रात्रपाळी

मामी, तो विषय वेगळा नाही. तुमच्या पाहुण्यांनी खरं तेच सांगितलंय.

कोलनवाला पत्ता म्हणजे आयपीची सहावी आवृत्ती. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, जिथून घेतलंय तिथल्या डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यादी) दोन नोंदी असतात. "ए" रेकॉर्डमध्ये चार आकड्यांचा पत्ता, आणि "एएएए" रेकॉर्डमध्ये हा कोलनवाला. भाच्याने ए बदलला आणि एएएए राहून गेला, असं दिसतंय. तो अजून जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवतोय.

आता काय होतं बघा. लेट्स एन्क्रिप्ट तुमचं डोमेन तुमचंच आहे याची खातरजमा करायला सर्व्हरवर एक फाइल ठेवायला लावतं आणि बाहेरून येऊन ती वाचतं. दोन्ही पत्ते असले तर आधी कोलनवाल्या पत्त्यावर जातं. फाइल ठेवली नव्या घरात, पाहुणा गेला जुन्या घरी. तिथून ४०४. तिथे कोणी दारच उघडलं नसतं तर त्याने दुसरा पत्ता वापरून पाहिला असता; पण दार उघडलं आणि "फाइल नाही" असं उत्तर मिळालं, की त्याच्या लेखी विषय संपला. चुकलेल्या प्रयत्नांना तासाला पाचची मर्यादा आहे, म्हणून "नंतर या".

मोबाइलचं नेटवर्क हाच कोलनवाला पत्ता वापरतंय, तुमचं वायफाय वापरत नाही. म्हणजे पडवीत तुम्हाला कुलूप दिसतं ते जुन्या साइटचं. जुन्या सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्टची तपासणी अजून पास होत असेल, मग त्याचं सर्टिफिकेट नियमित नवं होणारच. वायफाय बंद करून मोबाइलवर दरपत्रक उघडा, १८०० दिसेल.

सरळमार्गी, अडीच हजार भरले असते तर लॅपटॉपवरचा त्रिकोण गेला असता, आणि निम्मी मंडळी जुन्या साइटवर जाताहेत हे कोणाला कळलंही नसतं. एन्क्रिप्शन दोन्हीत सारखंच. आणि ९० दिवसांचं म्हणाल तर विकतची सर्टिफिकेटंही छोटी होत चाललीत: १५ मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, २०२९ मध्ये ४७ वर येणार. हाताने नूतनीकरण करायचे दिवस सगळ्यांचेच संपले.

मामी, एएएए रेकॉर्ड काढून टाका. ए ला हात लावू नका. मेल कुठे पोचवायची ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड असेल, त्यालाही नको.

देवबागची_मामी

पडवीत जाऊन बघितलं. १८००! वर तीन वर्षांपूर्वीचा फोटो, अजून पत्र्याची शेड असलेला. अंगावर काटा आला हो. त्या पाहुण्यांना मी केवढी बोलले.

भाच्याला व्हिडिओ कॉल लावला, त्याने पासवर्ड शोधून दिला. एएएए होता, काढला. तिथे टीटीएल १४४०० लिहिलंय, ते काय?

रात्रपाळी

सेकंद. म्हणजे चार तास जुना पत्ता लोकांच्या आठवणीत राहू शकतो. तोवर बटणाला हात लावू नका, जेवून घ्या.

कोपऱ्यातली_खुर्ची

सर्टिफिकेट लागलं की वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतोय ना ते बघा. जुन्या पोस्टमधले फोटो साध्या, बिनकुलपाच्या एचटीटीपीवरून येत असतील तर कुलूप अर्धवट राहतं. माझ्या साइटवर एका लोगोपायी दोन दिवस गेले होते.

शिवाय, मुदत संपत आल्याची मेल लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी पाठवायचं, ते ४ जून २०२५ पासून बंद केलंय. नूतनीकरण साधारण तीस दिवस उरले की आपोआप होतं. तेव्हा दोन महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर टाका आणि कुलपावर क्लिक करून नवी मुदत आली का बघा. पुढे ढकलली असेल तर यंत्रणा चालू आहे.

देवबागची_मामी

लागलं! रात्री साडेनऊला एकदाच बटण दाबलं. लॅपटॉप, मोबाइल, ह्यांचा फोन, तिन्हीकडे कुलूप आणि तिन्हीकडे २२००. कालनिर्णयवर तारखेला गोल केलाय.

जुन्या होस्टिंगचा मेलबॉक्स भाच्याने आत्ता उघडला. जुन्या साइटवरच्या फॉर्ममधून आलेल्या सात चौकश्या तिथे पडून होत्या. त्यातली एक दिवाळीतल्या तीन रात्रींची आहे, दोन्ही खोल्या. सकाळी उठल्या उठल्या फोन करते. दर १८०० चाच सांगेन, त्यांनी तोच वाचलाय.