न्यूट्रल तुटल्यावर वीज तोडणारे यंत्र आणि घरी लघवीची पट्टी वाचणारी पेटी: दोन्हींचे पेटंट एकाच अर्जात मागता येईल का?

सातवा गाळा (गोरेगाव पूर्व) विचारतात:

नमस्कार. गोरेगाव पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत माझा लहानसा गाळा आहे आणि गेली अठरा वर्षे आम्ही पॅनेल बोर्ड व स्टॅबिलायझर जोडून देण्याचे काम करतो. पेटंटच्या वाटेला मी आजवर कधी गेलो नव्हतो. आता मात्र घरात दोन वस्तू तयार झाल्या आहेत आणि त्यांचे पुढे काय करावे हे जाणकारांना विचारावे, म्हणून लिहीत आहे.

पहिली वस्तू विजेची आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या लालबागच्या जुन्या इमारतीत मीटरखोलीतला न्यूट्रलचा, म्हणजे विजेच्या परतीच्या सामाईक तारेचा, जोड गंजून सुटला आणि एका रात्रीत सात घरांतले टीव्ही, दोन फ्रिज आणि एका शेजाऱ्यांचे नवे वॉशिंग मशीन जळाले. असे झाले की दोन वेगवेगळ्या फेजवरची (पुरवठ्याच्या वेगळ्या तारांवरची) घरे एकामागोमाग जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यात मिळून साधारण ४०० व्होल्ट येतात. समजा, दोनच घरे आहेत. एकात १,००० वॅटची इस्त्री चालू आहे आणि दुसऱ्यात १०० वॅटचा दिवा. अशा वेळी दिव्यावर ३६० व्होल्टच्या वर दाब येतो आणि इस्त्री जेमतेम कोमट राहते. म्हणजे ज्याच्या घरी वापर कमी, त्याचेच नुकसान जास्त. एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) पडत नाही, कारण विद्युतप्रवाह मर्यादेपलीकडे जाईपर्यंत उपकरण जळून गेलेले असते. आरसीसीबीही (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) पडत नाही, कारण जमिनीत गळती होतच नाही. व्होल्टेज वाढल्यावर सप्लाय तोडणारी यंत्रे बाजारात आहेत. माझ्या यंत्रात त्यापेक्षा वेगळी युक्ती आहे, पण ती इथे लिहीत नाही.

दुसरी वस्तू माझ्या वहिनींची आहे. त्या परळच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहेत. माझ्या आईला मूत्रपिंडाचा त्रास असल्यामुळे लघवीतील प्रथिनांची पट्टी घरीच बुडवून पाहावी लागते. आई पट्टी घेऊन खिडकीपाशी जाते, चष्मा शोधते आणि बाटलीवर छापलेल्या पिवळ्या-हिरव्या चौकटींना ती लावून बघते. पट्टी ६० सेकंदांनी वाचायची असते, आणि चष्मा सापडेपर्यंत दोन मिनिटे होऊन गेलेली असतात. सकाळच्या उजेडात हिरवट वाटलेला रंग संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पिवळाच दिसतो. वहिनींनी यावर एक बंद पेटी योजली आणि तिचे सर्किट मी केले.

दोन्ही वस्तूंच्या सर्किटचा गाभा एकच आहे: मोजलेली गोष्ट एका ठरलेल्या संदर्भाशी ताडून पाहायची आणि संदर्भच बिघडला असेल तर उत्तर न देता थांबायचे. म्हणून एकाच अर्जात दोन्ही बसवता येतील का? शिवाय विजेच्या यंत्राचे चार नग मी इमारतीच्या मीटरखोलीत आठ महिन्यांपूर्वी बसवले असून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांची चित्रफीतही टाकली होती. त्यामुळे हक्क बुडाला का, ही चिंता आहे.

अर्जदार (माटुंगा) यांचे उत्तर:

युक्ती इथे लिहिली नाहीत हे फार बरे केलेत. सार्वजनिक मंचावर लिहिलेला मजकूर हेही प्रकाशनच असते, आणि पुढे तोच आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो. वहिनींच्या पेटीबद्दल मात्र जितके लिहिलेत तितकेच पुरे. आणखी एक ओळही लिहू नये.

एकाच अर्जाबद्दल सांगायचे, तर १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम १०(५) प्रमाणे एका तपशीलपत्रातील (शोधाचे वर्णन करणाऱ्या कागदातील) दावे, म्हणजे ज्यांवर हक्क मागायचा ते मुद्दे, एकाच शोधाचे असावेत, किंवा एकाच शोधक कल्पनेने जोडलेल्या शोधांचे असावेत. ‘संदर्भाशी ताडून पाहणे’ हा दुवा आपल्याला मोठा वाटतो, पण परीक्षकाला तो वाटणार नाही, कारण वजनकाट्यापासून थर्मोस्टॅटपर्यंत सगळी यंत्रे तेच करतात. विजेच्या संरक्षक मंडलांचा आंतरराष्ट्रीय वर्ग एच०२एच आहे आणि रक्त-लघवीच्या तपासण्या जी०१एन ३३ मध्ये येतात. म्हणजे दोन अर्ज वेगवेगळ्या विषयांच्या परीक्षकांकडे जाणारे आहेत. दोन्ही एकत्र टाकलेत तर आक्षेप येईल आणि कलम १६ खाली अर्ज विभागावा लागेल. त्यापेक्षा पहिल्यापासून दोन वेगळे अर्ज करावेत. व्यक्तीने स्वतः ऑनलाइन अर्ज केल्यास तपशीलपत्राची ३० पाने आणि १० दावे यांपर्यंत शुल्क १,६०० रुपये आहे. सुरुवातीला प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरते, तपशीलपत्र दिले की संपूर्ण तपशीलपत्रासाठी १२ महिने मिळतात. परीक्षणाची विनंती पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांच्या आत करायची असते आणि तिचे ४,००० रुपये निराळे पडतात. कार्यालय आपल्या मुंबईतच, अँटॉप हिलला, बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज मात्र घरबसल्या करता येतो.

मीटरखोलीतल्या चार नगांचा प्रश्न नाजूक आहे, तरी हातचा गेलेला नाही. कलम ३२ असे सांगते की, अर्जाच्या अग्रक्रम तारखेपूर्वीच्या (सहसा पहिला अर्ज दाखल केल्याच्या तारखेपूर्वीच्या) एका वर्षात अर्जदाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, तो शोध भारतात लोकांसमोर चालवून पाहिला असेल, तो केवळ वाजवी चाचणीसाठी असेल आणि शोधाच्या स्वरूपामुळे चाचणी उघड्यावर करणे आवश्यक असेल, तर एवढ्या कारणाने त्याचे नावीन्य जात नाही. न्यूट्रल सुटण्याची चाचणी खऱ्या इमारतीतच होणार, हे पटवून देता येईल. आठ महिने झाले आहेत, म्हणजे हातात चार उरले. नग विकले असतील, तर मात्र ‘चाचणी’ म्हणणे कठीण जाईल. हे कलम भारतापुरतेच आहे, हेही ध्यानात ठेवावे. युरोपात आधी उघड झालेल्या शोधाला अशी सवलत मिळत नाही. चित्रफितीत झाकण उघडून सर्किट दाखवले होते का, हे कृपया कळवावे.

आता ज्यावर अर्ज तरतो किंवा बुडतो, त्या दाव्यांविषयी. नवखा अर्जदार लिहितो, ‘न्यूट्रल तुटल्यास सप्लाय तोडणारे यंत्र’. हे यंत्राचे काम झाले, शोध नव्हे. त्या कामाची यंत्रे आधीच असल्यामुळे असा दावा परीक्षकाच्या पहिल्याच अहवालात उडेल. दावा ‘कसे’ याचा असावा लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या इतिहासात हे चांगले दिसते. लुसियाँ गोलार आणि जॉन गिब्ज यांनी १८८२ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट मिळवले होते. त्यांच्या योजनेत ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजू एकामागोमाग जोडलेल्या असत, त्यामुळे एका ग्राहकाने दिवे विझवले की बाकीच्यांचा दाब बदले. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी यांनी १८८५ मध्ये बंद गाभा घेतला, जोडणी समांतर केली आणि नवे पेटंट मिळवले. गोलार-गिब्ज यांचे पेटंट पुढे प्रतिस्पर्धी अभियंते फेरांटी यांच्या आव्हानापुढे न्यायालयात टिकले नाही. आणि सगळ्यांच्या नंतर, १९२१ मध्ये, माक्स बुखहोल्त्स यांनी तेलाच्या टाकीपासून वरच्या कॉन्झर्व्हेटरकडे (जादा तेलाच्या टाकीकडे) जाणाऱ्या नळीत एक लहान डबी बसवली. आत बिघाड झाला की तेलातून वायूचे बुडबुडे निघतात, ते वर जाताना या डबीत साठतात, तरंगता गोळा खाली बसतो आणि घंटा वाजते. ट्रान्सफॉर्मर जुना, तेल जुने, नळीही जुनी. बुडबुड्यांना वाटेत अडवण्याची युक्ती तेवढी नवी होती. तुमच्या यंत्रात अशी ‘डबी’ कोणती, ते आधी एका वाक्यात लिहून काढा आणि पेटंट कार्यालयाचा शोध-कोश व युरोपीय पेटंट कार्यालयाचा एस्पासनेट हा पेटंटांचा संग्रह यांवर दोन रात्री बसून तेच आधी कोणी केले आहे का ते पाहा. दोन्ही विनामूल्य आहेत.

परळची प्रयोगशाळा यांचे उत्तर:

मी बायोकेमिस्ट्रीच्या विभागात काम करते, म्हणून दुसऱ्या वस्तूबद्दल लिहिते.

कलम ३(झ), म्हणजे इंग्रजी मसुद्यातील ३(आय), खाली माणसावरील निदानाची प्रक्रिया पेटंटला पात्र नाही. त्यामुळे ‘लघवीतील प्रथिने ओळखण्याची पद्धत’ असा दावा लिहिला तर तो तिथेच अडकेल. पेटी, पट्टी धरणारा खण, संदर्भ-रंगाची जागा, झाकण लागल्यावर सुरू होणारा घड्याळ-काटा, अशा उपकरणावर दावा लिहिला तर हे कलम आडवे येण्याचे कारण उरत नाही.

आता एक कटू गोष्ट. पट्टीचा रंग डोळ्यांऐवजी यंत्राने वाचण्याची कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर एम्स कंपनीची डेक्स्ट्रोस्टिक्स ही रक्तातील साखरेची पट्टी आली. तिच्यावर रक्ताचा थेंब ठेवायचा, बरोबर ६० सेकंद थांबायचे, थेंब पाण्याने धुऊन टाकायचा आणि उरलेला निळा रंग तक्त्याशी ताडायचा. तुमच्या आईंची खिडकीपाशी होते तीच पंचाईत तेव्हाच्या डॉक्टरांची होत असे. मग आंटोन क्लेमेन्स यांनी पट्टीवरून परतणारा प्रकाश मोजून काट्यावर दाखवणारे यंत्र केले आणि त्यांना १९७१ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. लघवीच्या पट्ट्या वाचणारी यंत्रे तर आमच्या टेबलावर रोज चालतात. म्हणून वहिनींनी ‘बंद पेटी, पांढरा दिवा, रंग-संवेदक’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्यांचे स्वतःचे निरीक्षण कुठले आहे ते त्यांनी शोधावे. मला विचाराल तर ते रंगात नसून उशिरात आहे. घरी पट्टी उशिरा वाचली जाते ही गोष्ट प्रयोगशाळेत बसणाऱ्याला सहसा सुचत नाही, कारण आमचे यंत्र वेळ स्वतः पाळते.

शोधकर्ती म्हणून वहिनींचे नाव फॉर्म १ मध्ये, म्हणजे पेटंटच्या अर्जात, पूर्ण आणि स्पष्ट लिहावे. घरी करायच्या गर्भचाचणीची कल्पना मार्गारेट क्रेन या तरुण ग्राफिक डिझायनरची होती. त्या १९६७ मध्ये न्यू जर्सीत ऑर्गनॉन कंपनीत सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांचे काम करत होत्या. प्रयोगशाळेत त्यांना परीक्षानळ्यांची रांग दिसली, गर्भ असल्यास नळीच्या तळाशी उमटणारे कडे दिसावे म्हणून खाली आरसे लावलेले होते; आणि हे घरी का होऊ नये, असे त्यांना वाटले. टेबलावरच्या पेपरक्लिपच्या पारदर्शक डबीत त्यांनी पहिला नमुना बसवला. पेटंट १९७१ मध्ये त्यांच्या नावे निघाले, पण हक्क त्यांनी कंपनीला एका डॉलरला लिहून दिले होते, आणि तो डॉलरही हाती आला नाही असे त्यांनी नंतर सांगितले. वहिनींनी आपल्या नेमणूकपत्रात शोधांविषयी काही अट आहे का, ते अर्जापूर्वी वाचून घ्यावे. रुग्णालयातील उरलेल्या पट्ट्या किंवा नमुने चाचणीसाठी वापरले असतील, तर तेही लपवू नये.

लोहार चाळीतला वायरमन यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत. तरीही मी थोडे विरुद्ध बोलणार आहे. आमच्या बाजारात गिऱ्हाईक दुकानावर येते तेव्हा पेटंट क्रमांक विचारत नाही; ‘आयएसआय आहे का, किती अँपिअरचे, कितीला देणार’ एवढेच विचारते. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असली तरी तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचे पैसे भरावे लागतात, आणि नक्कल झालीच तर न्यायालयात तुम्हालाच जावे लागते. पॅनेल बोर्डांवर पोसलेल्या लहान गाळ्याला ते झेपेल का, याचा हिशेब करावा. पेटीचे बाहेरचे रूप वेगळे असेल तर डिझाइन नोंदणी हा स्वस्त मार्ग आहे. ती १० वर्षांची असते आणि पुढे ५ वर्षे वाढवता येते.

आणखी एक. पेटंट म्हणजे विकण्याचा परवाना नव्हे. पट्टी वाचणारी पेटी २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येईल. त्यासाठी निर्मितीचा परवाना लागतो, आणि अ व ब वर्गांतील उपकरणांचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते, ज्यांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पेटंट हातात घेऊन दुकानात गेलात तर आमच्यासारखा माणूस पहिल्यांदा तो परवानाच मागेल.

अर्जदार (माटुंगा):

वायरमन साहेबांचा हिशेब खोटा नाही. पण डिझाइन नोंदणी फक्त रूपाची होते. आतली युक्ती उचलून दुसऱ्या आकाराच्या खोक्यात घातली तर तिचा उपयोग नाही. माझा सल्ला असा की विजेच्या यंत्राचा प्रोव्हिजनल अर्ज आताच करावा, कारण तिथे दिवस मोजले जात आहेत, आणि पुढचे १२ महिने बाजार चाचपून मगच पुढचा खर्च करावा. वहिनींच्या अर्जाची घाई नाही, मात्र पेटी तोवर कोणाला दाखवू नये. अर्जात वहिनी अर्जदार असल्या तर महिला अर्जदार म्हणून जलद परीक्षणही मागता येते. त्याचे शुल्क ८,००० रुपये आहे. तुम्ही दोघे सहअर्जदार झालात, तर कलम ५० प्रमाणे दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला हिशेब न देता वस्तू बनवू शकतो, परंतु दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देऊ किंवा हिस्सा विकू शकत नाही. घरातलीच माणसे असलात तरी हे आधीच कागदावर बोलून घ्यावे.

सातवा गाळा (गोरेगाव पूर्व):

सर्वांचे मनापासून आभार. चित्रफीत काल रात्री पुन्हा पाहिली. एक मिनिट दहा सेकंदांची आहे. झाकण सगळा वेळ बंद आहे. लाल दिवा लागतो, रिलेचा ‘टक्’ असा आवाज येतो आणि मागून आमचे चेअरमन ‘अरे, पंखा का बंद केला’ म्हणतात. नग विकलेले नाहीत, बसवण्याची मजुरीही घेतली नव्हती, आणि सोसायटीच्या इतिवृत्तात ‘चाचणीसाठी’ हा शब्द सेक्रेटरींनी आपण होऊन लिहिलेला आहे, तारखेसह. त्या पानाची प्रत काढून ठेवली.

वहिनींना इथली उत्तरे वाचून दाखवली. ‘उशिरा वाचली जाते’ या वाक्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या की पेटीतला रंग-संवेदक खरे तर त्यांनी नंतर घातला. पहिल्या पुठ्ठ्याच्या नमुन्यात फक्त खण होता आणि खणाला जोडलेले घड्याळ. तो पुठ्ठ्याचा नमुना आईने जुन्या वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत घातला नसेल, तर आज माळ्यावर चढून शोधायचा आहे. पेटीचा अर्ज त्या स्वतःच्या नावाने करणार आहेत आणि माझे नाव सर्किटपुरते कुठे व कसे यावे, हे त्यांचे नेमणूकपत्र वाचून झाल्यावर ठरवू.

विजेच्या यंत्राचे ते एक वाक्य लिहायला बसलो होतो. रात्री साडेअकरापर्यंत चार वेळा खोडले.