शब्दचर्चा: ख्मेर ‘चोल म्लुप’ला मराठीत काय म्हणावं?

कंबोडियावरच्या एका मजकुराचं मराठी करतेय. मुलीला पहिल्यांदा पाळी आली की तिला घरात ठेवायचा विधी, तिथल्या ख्मेर भाषेत ‘चोल म्लुप’. शब्दशः ‘सावलीत शिरणं’. ‘न्हाण येणे’ चालेल का?

— नको. न्हाण येणं ही घटना. चोल म्लुप हा त्यानंतरचा मुक्काम. ऐपतीप्रमाणे काही दिवस ते काही महिने. अंगाला ऊन लागू द्यायचं नाही, परपुरुषाच्या नजरेस पडायचं नाही, मासे-मांस बंद. घरात बसून शिवण, विणकाम, स्वयंपाक शिकायचा. मुदत संपली की ‘चेञ म्लुप’, सावलीतून बाहेर: भिक्खूंना बोलावून थाटात. पूर्वी दात लाखेनं काळेही करत.

— मग ‘बाजूला बसणे’?

— छे! त्यात विटाळ आला, आणि तो दर महिन्याचा. हे आयुष्यात एकदाच, आणि भर जपण्यावर: कांती उजळावी, मुलगी लग्नाजोगी व्हावी. आपल्याकडचं मखरात बसवणं थोडं जवळचं, पण मखरातली मुलगी बघायला आळीतल्या बायका यायच्या. इथे लपवायचं.

— ‘छायाप्रवेश’ कसा वाटतो?

— पंचांगातला! शिवाय ख्मेरमध्ये झाडाखालची सावली ‘म्लुप’ आणि माणसाची पडछाया ‘स्रमोल’, असे वेगळे शब्द आहेत. ‘छाया’ म्हटलं की दोन्हींची सरमिसळ. ‘सावलीत’ म्हटलं की उन्हापासूनचा आडोसाच डोळ्यांसमोर येतो. माझं मत ‘सावलीत बसणे’.

— काही म्हणा, पण क्रियापद भूतकाळी ठेवा. ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत (१९७५ ते १९७९) विहार ओस पडले, भिक्खूंची चीवरं उतरवली, कुटुंबं विखुरली. विधी करणार कोण? पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या, मग राजधानी प्नॉम पेन्हच्या कपड्यांच्या कारखान्यांत. महिनोन्‌महिने घरी बसवणं परवडणारं नव्हतंच. आता हा शब्द मुख्यतः म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यात. शेंडी कापायचा विधीही वयात येण्याचाच, तोही मागे पडला. लग्नातलं केस कापणं मात्र जोरात आहे: कात्री केसांजवळ नुसती फिरवायची आणि अत्तर शिंपडायचं. फोटो छान येतात.

— ‘बसणे’ की ‘बसवणे’? मुलीला कोण विचारत होतं?

— खरंय. पण ख्मेर शब्दात ‘शिरणारी’ मुलगीच आहे, कर्ता तीच. अनुवादात ‘बसणे’ ठेवा. बसवणाऱ्या आई-आजी तुमच्या पुढच्या वाक्यात येऊ द्या.