वैनगंगा लेआउट (फक्त कामाचे मेसेज)

पुष्पा वहिनी: रविवारच्या सिकलसेल तपासणीची यादी ग्रुपवर कोणी टाकली? पोरापोरींची नावं, बापाच्या नावासकट! सोयरिकीचे दिवस आहेत, अन् हा आजार रक्ताचा, आईबापाकडून लेकरात येणारा. आत्ता काढा.

बंडू मोटरपंप: मीच टाकली वहिनी. लोकं विचारून राहिले होते. चांगल्या मनानं टाकली.

वर्षाताई आशा: मन चांगलंच आहे भाऊ, पण रिपोर्ट ज्याचा त्यालाच द्यायचा असते. सगळ्यांसाठी डिलीट करा.

लॅबवाले काकाजी: अन् तो रिपोर्ट नाहीच होय. सोल्युबिलिटीची, म्हणजे नुसत्या पहिल्या चाळणीची यादी आहे. २ मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, ५ मिनिटं थांबायचं, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या नाही तर पॉझिटिव्ह. गढूळ वाहकाचंही होते अन् रुग्णाचंही. एएस (एक जीन सदोष, वाहक) की एसएस (दोन्ही सदोष, रुग्ण), ते एचपीएलसीच सांगते, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी.

गुरुजी: नमस्कार. मधे बोलतो, क्षमस्व. समाजमंदिराची चावी रविवारपासून परत आलेली नाही. खुर्च्याही ४ कमी आहेत.

राजू मेडिकल: काकाजी, निगेटिव्ह आले ते मोकळे ना?

लॅबवाले काकाजी: सगळे नाही. ६ महिन्यांच्या आतल्या लेकराचं एफ (पोटातल्या बाळाचं) हिमोग्लोबिन जास्त, त्यात एस (सिकलसेलचं) झाकून जाते. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलं तर २० मायक्रोलिटरमध्ये माल कमी पडते, नळी स्वच्छ दिसते. नुकतंच रक्त चढवलं असलं तर अर्धी तपासणी देणाऱ्याच्या रक्ताची झाली समजा. बीटा थॅलेसिमियाचा (हाही आईबापाकडून येणारा हिमोग्लोबिनचा आजार) वाहक तर या नळीत दिसतच नाही. एकाकडून एस, दुसऱ्याकडून तो आला तरी लेकरू आजारीच. म्हणून एचपीएलसी करा.

पुष्पा वहिनी: पोरीचंच सिकलसेल कार्ड मागतात सगळे. पोराचं कोणी मागत नाही.

वर्षाताई आशा: तिथंच चुकते वहिनी. पोरगी एएस अन् पोरगा एए (दोन्ही जीन चांगले) असला तर एसएस लेकरू होतच नाही, फार तर वाहक. दोघंही एएस असले तर दर गर्भाला २५ टक्के एसएस. पहिलं तसं झालं म्हणून पुढचे तीन सुटले, असं नाही. दर खेपेला चिठ्ठी नव्यानं निघते. एकट्या पोरीचं कार्ड पाहून सोयरीक मोडणं म्हणजे अर्धा हिशेब.

पंचांगवाले काका: नाडीदोष आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच तर सांगत आलो.

बंडू मोटरपंप: काका, नाडीचे ८ गुण अन् नळीचे किती?

पंचांगवाले काका: थट्टेला मर्यादा असते. तुम्ही आधी बोअरची मोटर पाहा, तिसऱ्या गल्लीत ५ दिवस झाले पाणी नाही.

लॅबवाले काकाजी: सोल्युबिलिटी म्हणजे रिपोर्ट नाही. एचपीएलसी करा. दोघांचंही.

वर्षाताई आशा: लग्न झालेलं असून दोघंही एएस असले तर पाळी चुकल्याबरोबर नोंदणी करा. ११ व्या आठवड्यापासून वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाचा जीन तपासता येते. सातव्या महिन्यात येऊन काय उपयोग?

पुष्पा वहिनी: अन् जे आधीच एसएस आहेत त्यांचं?

राजू मेडिकल: हायड्रॉक्सीयुरियाची गोळी. वजनावर ठरते, साधारण किलोमागे १० मिग्रॅपासून सुरुवात. एफ वाढते म्हणून दुखणं कमी होते, पण त्याला महिने लागतात. लोकं १५ दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडतात, अन् जे सोडत नाहीत ते सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करत नाहीत. पांढऱ्या पेशी घसरल्या की गोळी थांबवावी लागते, ते सीबीसीशिवाय कसं कळेल? दिवस राहिले, नाहीतर ठेवायचे असले, तर आधी डॉक्टरांना सांगा.
एसएस असून साखरही असली तर एचबीएवनसीवर (साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर) जाऊ नका. एसएसच्या लाल पेशी नेहमीसारख्या १२० दिवस जगतच नाहीत, साखर खोटी कमी दिसते. बोटाची साखर पाहा.

बंडू मोटरपंप: अमेरिकेत जीन कापून बरं करतात म्हणे.

राजू मेडिकल: डिसेंबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. किंमत २२ लाख डॉलर.

बंडू मोटरपंप: लेआउटचे सगळे प्लॉट विकले तरी एकच पेशंट व्हायचा.

वर्षाताई आशा: त्यापेक्षा आपल्या कामाचं बोला. व्हायवॅक्स मलेरियाला १४ दिवस प्रायमाक्विनची गोळी देतात. जी-सिक्स-पीडी (लाल पेशी सांभाळणारं एन्झाइम) कमी असलेल्याच्या लाल पेशी त्यानं फुटतात. हा दोष एक्स गुणसूत्रावर, म्हणून पुरुषांत जास्त. लघवी काळ्या चहासारखी झाली की पुढची गोळी देऊ नका, तडक दवाखान्यात.

राजू मेडिकल: अन् पेशी फुटून राहिल्या असताना जी-सिक्स-पीडीची तपासणी केली तर नॉर्मल येऊ शकते. नव्या पेशींत एन्झाइम जास्त असते. अंगातलं रक्त पूर्ववत झाल्यावर पुन्हा करायची, साधारण ३ महिन्यांनी.

लॅबवाले काकाजी: सोल्युबिलिटी म्हणजे रिपोर्ट नाही. एचपीएलसी करा.

पंचांगवाले काका: तिसऱ्यांदा वाचलं काकाजी. पोहोचलं.

बंडू मोटरपंप: यादी काढली. आता खुश?

वर्षाताई आशा: बंडूभाऊ, ती फक्त तुमच्या मोबाईलमधून निघाली. आम्हाला दिसूनच राहिली. आता ॲडमिनलाच काढावी लागेल. ॲडमिन कोण आहे?

गुरुजी: मी आहे. काढतो. बंडू, चावी?

बंडू मोटरपंप: मोटरच्या खोलीत लटकवली आहे जी. खुर्च्याही तिथंच.