स्वीडनमध्ये स्पीडवे शर्यती पाहण्यासाठी प्रवास: मदत हवी आहे

नमस्कार,

येत्या उन्हाळ्यात मी आणि माझे काका स्वीडनला जाण्याचे ठरवत आहोत. प्रवासाचा मुख्य हेतू मोटरसायकल स्पीडवेच्या शर्यती मैदानावर जाऊन पाहणे हा आहे. बाकीचे स्थलदर्शन वेळ उरला तर करू. पुण्यातील सहल कंपन्यांकडे चौकशी केली, परंतु 'मोटरस्पोर्ट' म्हटले की तिथे फॉर्म्युला वनची तिकिटेच पुढे केली जातात. म्हणून येथील जाणकारांना, विशेषतः स्वीडनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना विचारत आहे.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारण तीनशे-चारशे मीटरच्या लंबगोल मार्गावर, भुरभुरीत खडीमातीवर, चार स्वार घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात. गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची आणि मिथेनॉलवर चालणारी असते. तिला ब्रेक नसतो आणि शर्यतीत गिअर बदलण्याची सोयही नसते. त्यामुळे वळण घ्यायचे ते मागचे चाक बाहेर सरकवून, पुढचे चाक उलट बाजूला वळवून आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीवर टेकवून. जेमतेम मिनिटभरात एक हीट, म्हणजे चार फेऱ्यांची एक शर्यत, संपते आणि क्रमाने ३, २, १ व ० असे गुण मिळतात. पुण्या-नाशिकातील सुपरक्रॉस आणि डर्ट ट्रॅक आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत, पण हा प्रकार त्याहून वेगळा आहे. काकांची उमेदीची वर्षे येझदी आणि राजदूतची इंजिने जुळवण्यात गेली. मिथेनॉलवरचे इंजिन त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचे आहे, मोबाइलवरच्या आवाजावर त्यांचा विश्वास नाही.

आमच्यापुढचा खरा पेच वारांचा आहे. पोलंडची लीग प्रामुख्याने शुक्रवारी आणि रविवारी खेळली जाते, आणि तेच स्वार आठवड्याच्या मधल्या दिवसांत स्वीडिश संघांकडून उतरतात. त्यामुळे स्वीडनच्या वरिष्ठ लीगचे बहुतेक सामने मंगळवारी संध्याकाळी, एकाच वेळी वेगवेगळ्या गावांत होतात. म्हणजे आठवडाभर राहूनही वरिष्ठ लीगचा एकच सामना पदरात पडण्याची शक्यता अधिक. दुसरीकडे, स्मोलांड प्रांतातील मोलिला या छोट्याशा गावी ग्रँड प्रीची, म्हणजे वैयक्तिक विश्वविजेतेपदाच्या मालिकेची, एक फेरी होत आली आहे आणि ती शनिवारी असते. म्हणून मंगळवारी एस्किल्स्तुनाच्या स्मेडर्ना संघाचा सामना, शनिवारी मोलिला आणि पुढच्या मंगळवारी हाल्स्टाविकच्या रोस्पिगार्ना संघाचा सामना, असा आराखडा कागदावर मांडला आहे. दोन्ही संघांचे सामने त्या त्या दिवशी घरच्या मैदानावर असतील तरच तो जमेल, आणि वेळापत्रक जाहीर होईपर्यंत विमानाची तिकिटे काढण्याचे धाडस होत नाही.

मोलिलाची ग्रँड प्री सोडून दोन्ही मंगळवार स्टॉकहोमजवळ घालवावेत, असेही एकदा मनात येते. बार्तोश झ्मार्झलिकसारखा सहा वेळचा विश्वविजेता पाहायचा तर ग्रँड प्री हवी. पण संघ, गाव आणि तिथल्या माणसांची निष्ठा पाहायची तर लीगचा सामनाच पाहावा, असे माझे मत आहे. टोनी रिकार्डसनने सहा आणि ओव्हे फुंडिनने पाच विश्वविजेतेपदे जिथे नेली, त्या देशात हा खेळ मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांनीच जपला आहे.

आता नेमके प्रश्न. सामना संपल्यानंतर हाल्स्टाविकहून स्टॉकहोमला रात्री सार्वजनिक वाहनाने परतता येते का? मोलिलासाठी मुक्काम कुठे करावा आणि तिथे गाडी भाड्याने घेणे अपरिहार्य आहे का? व्हिसाच्या अर्जात शर्यतीचे तिकीट कितपत उपयोगी पडते, की कोणाचे निमंत्रणपत्र लागते? काका पासष्टीचे आहेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना तीन तास उभे राहणे शक्य नाही. शिवाय ते शाकाहारी आहेत. पावसाने सामना पुढे ढकलला गेल्याचा अनुभव कोणाला असल्यास तोही कृपया लिहावा.

प्रतिसाद

मी लिन्शॉपिंगमध्ये राहतो आणि मोलिलाला ग्रँड प्री पाहिली आहे, म्हणून तिथपासूनच सुरुवात करतो. ग्रँड प्रीच्या सुमारास मोलिला आणि शेजारच्या हुल्ट्सफ्रेडमधील खोल्या फार लवकर संपतात, तेव्हा लिन्शॉपिंगला मुक्काम करणे सोयीचे. तिथून कालमारकडे जाणारी रेल्वे मोलिलावरून जाते, परंतु शर्यत संपल्यावर परतीच्या गाडीचा भरवसा धरू नका. इंग्रजीत छापलेला, छायाचित्र असलेला भारतीय परवाना चालतो; तरीही आंतरराष्ट्रीय परवाना सोबत आणा, भाड्याने गाडी देणारे तो मागतात. अंधार पडताना जंगलातील रस्त्यांवर मूस (घोड्याएवढी मोठी हरणे) आडवे येतात, म्हणून वेग आवरून चालवा. रक्तातील मद्याची मर्यादा इथे ०.२ प्रति हजार इतकी कडक आहे, त्यामुळे चालकाने बिअरचा एक घोटही घेऊ नये.

एस्किल्स्तुनाची फारशी काळजी नको. स्टॉकहोमहून रेल्वेने साधारण तासाभराचे अंतर आहे. हाल्स्टाविक मात्र जपून ठरवा. ते स्टॉकहोम परगण्यातच येत असल्याने एसएलचे, म्हणजे स्टॉकहोमच्या सार्वजनिक वाहतूक सेवेचेच तिकीट चालते, पण एकेरी तिकीट ७५ मिनिटांपुरतेच असते, तेव्हा २४ तासांचे घ्या. वाटेतल्या नॉरटेल्ये गावाला पोहोचलात की स्टॉकहोमसाठी ६७६ क्रमांकाची बस आहे; त्याआधीच्या, हाल्स्टाविक ते नॉरटेल्ये या टप्प्यावर रात्री बसांमधील अंतर वाढते. पंधरा हीटचा सामना सातला सुरू झाला तरी संपायला नऊ वाजतात, आणि मध्ये कोणी पडले तर आणखी उशीर होतो. त्या रात्री नॉरटेल्येला राहणेच मी पसंत करीन.

पर्यटक व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागत नाही. मुक्कामाचे आरक्षण, दिवसवार कार्यक्रम, किमान ३०,००० यूरोंचा वैद्यकीय विमा आणि माणशी दररोज ४५० क्रोनर खर्चाची ऐपत दाखवावी लागते. शर्यतीचे तिकीट कार्यक्रमाला पूरक पुरावा म्हणून अवश्य जोडा. शुल्क ९० यूरो आहे आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा वेळापत्रकाची वाट पाहण्याइतकी सवड तुम्हाला आहे.

काकांसाठी ग्रँड प्रीला क्रमांकित आसनाचे तिकीट घ्या. लीगच्या सामन्यांना अनेक जण घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. वळणाच्या अगदी कडेला बसवू नका, तिथे खडीमाती तोंडावर येते. सुरुवातीच्या रेषेजवळ बसल्यास शर्यतीचा प्रारंभ आणि पहिले वळण दोन्ही दिसतात, आणि बहुतेक हीटचा निकाल तिथेच लागतो. खाण्याच्या टपऱ्यांवर सॉसेजचे राज्य असल्याने त्यांच्यासाठी डबा न्यावा. स्विश या मोबाइलवरून पैसे देण्याच्या सेवेसाठी स्वीडिश बँकखाते लागते, म्हणून कार्ड जवळ असू द्या. कानांत घालायला बोळेही आणा, जरी काका ते वापरतील असे वाटत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत त्याबद्दल मनःपूर्वक आभार. मोलिला आणि एस्किल्स्तुना नक्की करतो. हाल्स्टाविकचा निर्णय नॉरटेल्येला खोली मिळते का त्यावर ठेवतो. पावसाचा प्रश्न मात्र अजून उरला आहे: सामना रद्द झाला तर त्याच तिकिटावर पुन्हा प्रवेश मिळतो की पैसे परत मिळतात, हे कोणी स्मेडर्नाच्या मैदानावर अनुभवले असल्यास कृपया सांगावे.