मदत हवी आहे: दिव्यांगत्वाची टक्केवारी कमी आली, अपील कुणाकडे करायचं?

माझ्या मोठ्या भावाचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. जुन्या, हाताने लिहिलेल्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 50 टक्के होतं. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) फेरतपासणी झाली आणि नव्या प्रमाणपत्रावर 36 टक्के आलं. पोलिओचा पाय वयानुसार सुधारत नाही, त्यामुळे हे मला अजिबात पटत नाही. अट किमान 40 टक्क्यांची असल्याने संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयातून नामंजूर झाला. बाकी कागद पूर्ण आहेत. उत्पन्नाचा दाखलाही 50 हजारांच्या आतला आहे.

रुग्णालयात तोंडी विचारलं, तर "पोर्टलवर पुन्हा अर्ज करा" एवढंच सांगितलं. नामंजुरीचं पत्र लेखी घेतलं आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 प्रमाणे प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येतं, हे वाचलं. भावाला लांबचा प्रवास झेपत नाही, वकिलाचा खर्चही परवडणारा नाही.

महाराष्ट्रात हे अपील कुणी केलं असेल तर कृपया सांगा: अर्ज नेमका कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे द्यायचा, मुदत किती असते, आणि जुनं प्रमाणपत्र पुरावा म्हणून धरतात का?