हलिमाने रॅम्प का सोडला, हेही पाहावे

हिजाब फॅशन शोच्या रॅम्पवर आला म्हणजे बाजाराला नवे गिऱ्हाईक मिळाले, त्यात चळवळ कुठली, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. बाजार प्रत्येक गोष्ट विकायला काढतो हे खरे. पण हिजाब घालणारी मॉडेल हलिमा एडन हिच्या कथेचा उत्तरार्ध हे मत लक्षात घेत नाही. केनियातील काकुमा निर्वासित छावणीत जन्मलेली ही सोमाली-अमेरिकन मुलगी २०१६ साली मिनेसोटातील सौंदर्यस्पर्धेत हिजाब आणि बुर्किनी (अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख) घालून उतरली, पुढे नामवंत मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये, यशाच्या ऐन भरात, तिने रॅम्प सोडत असल्याचे जाहीर केले. कामाच्या ओघात नमाज चुकत गेली आणि हिजाबच्या जागी डोक्याला चक्क जीन्स गुंडाळण्यापर्यंत तडजोडी झाल्या, हे तिने स्वतः उघडपणे सांगितले. माझ्या मते तिची खरी कृती ही आहे, कारण आपल्या वस्त्राचा अर्थ ठरवण्याचा हक्क तिने बाजाराकडून परत घेतला.

आपल्या गोव्यात हा विषय परका वाटू नये. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतील ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांना पुडवें (धोतर) आणि त्यांच्या स्त्रियांना चोळी वापरण्यास मनाई केली होती. पोशाखाशी माणसाची ओळख जोडलेली असते, हे यातून दिसते. त्यामुळे म्हापशाची किंवा फोंड्याची एखादी मुसलमान मुलगी स्वतः शिवलेला हिजाब घालून महाविद्यालयात येते, तेव्हा त्याला नुसती हौस म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते.