व्हेनिसमध्ये आईसोबत दोन रात्री : नुसतं पायी फिरता येईल का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. भावाकडे म्युनिकला जातोय, तिथून २० ते २२ नोव्हेंबर मी आणि आई असं दोघींचं व्हेनिस ठरतंय. आई ६७ वर्षांची. रोज पहाटे नदीकाठी तासभर चालते, पण पायऱ्या उतरताना डावा गुडघा दुखतो. तिला गोंडोलात बसायची हौस नाही. "गल्ल्या बघू, लोक कसे राहतात ते बघू," एवढंच म्हणते.

ओळखीतले सगळे सांगतायत की व्हेनिस चार तासांत होतं, मुक्काम खाडीअलीकडच्या, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला करा, निम्म्या पैशात होईल. खरंच असं आहे का? दोघी बायकांनी रात्री फिरणं कितपत बरं? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही.

तळेगावकर

आम्ही मेस्त्रेलाच राहिलो होतो. तिथून ट्रेनने दहा-बारा मिनिटं लागतात. सकाळी नऊला उतरलो, पिवळ्या पाट्या बघत रिआल्टोचा पूल, तिथून सान मार्कोचा चौक, फोटो काढले आणि संध्याकाळी पाचला परत. गर्दी मात्र अफाट, दादर स्टेशनची आठवण झाली. एक दिवस पुरेसा आहे.

ऋचा_पादोव्हा

गोदाकाठ, कृपा करून मेस्त्रेला राहू नका. मी संशोधनासाठी अडीच वर्षं पादोव्ह्याला होते. तिथून व्हेनिस रेल्वेने अर्ध्या तासावर, त्यामुळे बहुतेक शनिवार तिथेच गेले. पहिले सहा-सात महिने मीही तळेगावकरांसारखीच संध्याकाळच्या गाडीने परतत असे. एकदा शेवटची गाडी चुकली आणि रात्रभर चालले. त्या रात्री कळलं की मी अर्धंच गाव पाहिलं होतं. तेव्हापासून मी एकच पद्धत पाळली, तीच तुम्हालाही सुचवते : एकच वाट निवडा आणि ती दिवसा एकदा, रात्री एकदा चाला. दहा ठिकाणं बघण्यापेक्षा हे करा.

वाट सांगते. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोर ग्रँड कॅनॉल. सगळा लोंढा डावीकडे जातो. तुम्हीही डावीकडेच जा, पण पोन्ते देल्ले गुल्ये हा पूल ओलांडल्यावर लगेच पुन्हा डावीकडे, कालव्याच्या काठाने वळा. थोडं पुढे एका इमारतीखालून बोळ जातो. अशा झाकलेल्या बोळाला तिथे सोत्तोपोर्तेगो म्हणतात. हे घेट्टोचं दार. १५१६ मध्ये व्हेनिसच्या सरकारने शहरातल्या ज्यूंना या एका बेटावर राहायला भाग पाडलं. रात्री फाटकं बंद व्हायची, भोवतीच्या कालव्यात पहाऱ्याच्या होड्या फिरायच्या आणि त्या पहारेकऱ्यांचा पगार ज्यूंनाच भरावा लागायचा. रात्री बाहेर पडायची मुभा होती ती वैद्यांना, कारण शहरातले ख्रिस्ती रोगी त्यांनाच बोलवायचे. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ती फाटकं काढून टाकली. आतल्या चौकात उभं राहून वर बघा. व्हेनिसमध्ये इतरत्र अशी उंच घरं दिसत नाहीत. पसरायला जागा नाही म्हणून मजल्यावर मजले चढवले, आणि छतं इतकी बुटकी की खिडक्यांच्या रांगा एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतात. चौकात बाकं आहेत, आईंना बसवा. मी तिथे तासन्‌तास बसले आहे.

चौकातून उत्तरेचा लोखंडी कठड्याचा पूल ओलांडला की कान्नारेज्जो या विभागाचे तीन लांबलचक समांतर कालवे लागतात. त्यांच्या काठांना फोंदामेंता म्हणतात. गुडघ्यासाठी व्हेनिसमधला हा सगळ्यांत सोयीचा भाग, कारण काठ सरळ आणि सपाट आहेत, उगाच पूल चढ-उतार नाही. इथे वाळत घातलेले कपडे, भाजीच्या होड्या, दप्तरं घेऊन पळणारी मुलं दिसतील. आईंना जे बघायचंय ते हेच.

पुढे कांपो देई मोरी. कांपो म्हणजे चौक. अख्ख्या व्हेनिसमध्ये 'पियात्सा' एकच, सान मार्कोचा. बाकी सगळे कांपो, म्हणजे शेत, कारण कधीकाळी तिथे खरंच गवत उगवायचं. या चौकाच्या भिंतींत फेटेवाल्या व्यापाऱ्यांचे दगडी पुतळे आहेत. कोपऱ्यातल्याला लोखंडी नाक बसवलंय. शेजारच्याच काठावर चित्रकार तिंतोरेत्तोचं घर. तो १५९४ मध्ये तिथेच वारला आणि पूल ओलांडला की मादोन्ना देल्लोर्तोच्या चर्चमध्ये त्याची कबर आहे. आता गंमत. चर्चसमोरच्या काठावरून पाण्यापलीकडच्या वाड्याची भिंत निरखा. तिच्यावर ओझं लादलेला उंट आणि त्याला हाकणारा माणूस कोरलाय. शोधायला आईंनाच सांगा, तुम्ही बोट दाखवू नका.

तिथून वळसा घेत फोंदामेंते नोव्हे, म्हणजे उघडी खाडी आणि समोर सान मिकेले हे स्मशानाचं बेट. मग कांपो सान्ती जोव्हान्नी ए पाओलो. पांढऱ्या संगमरवराचा तो देखणा दर्शनी भाग शहराच्या सरकारी इस्पितळाचा आहे. रुग्णवाहिका म्हणून होड्या येतात. पहिल्यांदा सायरन ऐकला तेव्हा मी रस्ता शोधत राहिले, आवाज पाण्यावरून येत होता.

चौकाचौकांत दगडी विहिरी दिसतील, झाकण घातलेल्या. त्या झऱ्याच्या नव्हेत. चौकाखाली मातीचा हौद, त्यात वाळू. पावसाचं पाणी फरशीच्या भोकांतून आत जाऊन वाळूतून गाळत मधल्या विहिरीत यायचं. भोवती खारं पाणी, म्हणून ही सगळी खटपट. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं.

एक सूचना. पत्त्यावर विसंबू नका. घरांचे क्रमांक रस्त्यानुसार नसून अख्ख्या विभागाला सलग दिलेले असतात, 'कान्नारेज्जो' आणि पुढे चार आकडे. मी एकदा "स्टेशनपासून पाच मिनिटं" असं लिहिलेली खोली घेतली आणि मध्ये चार पूल निघाले, प्रत्येकाला पायऱ्या, हातात चाकांची बॅग. घरमालकाला आधीच विचारा : बोटीच्या थांब्यापासून किती पूल? तुमच्यासाठी ओर्तो नावाचा थांबा चांगला.

गोदाकाठ

ऋचाताई, वाचता वाचता आईला हाक मारून बोलावलं. पण रात्रीची धाकधूक आहेच. आणि जेवणाचं?

सदानंद_मिरज

वडिलांना घेऊन गेलो होतो, त्यांचेही गुडघे असेच. पूल चढायला सोपे, उतरताना त्रास. कठड्याकडची बाजू धरून चाला, घाई असलेले लोक मधून जातात. दमल्यावर वापोरेत्तो, म्हणजे तिथली सार्वजनिक बोट. एक तिकीट ७५ मिनिटं चालतं पण ९.५० युरो पडतात, म्हणून दिवसाचा पास परवडतो. त्राघेत्तोने, म्हणजे ग्रँड कॅनॉल ओलांडणाऱ्या साध्या गोंडोलाने, दोन युरोत पलीकडे जाता येतं, पण चढताना होडी हलते. आम्ही टाळलं. पिण्याच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत, बाटली जवळ ठेवा.

ऋचा_पादोव्हा

रात्रीचं सांगते. नोव्हेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे 'रात्र' तुम्हाला खूप मिळणार. सहा-सातला दिवसाचे प्रवासी स्टेशनकडे निघतात. मुक्काम आत असेल तर तेव्हा तुमचा दिवस सुरू होतो. दहानंतर तीच वाट पुन्हा धरा.

सगळ्यांत आधी कान बदलतात. शहरात गाडी नाही, स्कूटर नाही, सायकलही नाही. त्यामुळे स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येतो, मग कुणीतरी वळणापलीकडे चालतंय तेही, माणूस दिसायच्या कितीतरी आधी. बांधलेल्या होड्यांच्या बुडाला पाणी चाटतं तो आवाज दिवसा असतोच, कुणाला ऐकू येत नाही एवढंच. धुकं असेल तर फोंदामेंताचं दुसरं टोक दिसत नाही आणि दिव्याखालून दिव्याखाली जावं लागतं. जुन्या काळी इथे भाड्याने कंदीलवाले मिळायचे, त्यांना कोदेगा म्हणत. आपल्याकडच्या मशालजीसारखे पुढे दिवा धरून घरापर्यंत सोडायचे.

घेट्टोच्या त्या बोळातून रात्री आत शिराल तेव्हा एक क्षण थांबा. दिवसा मी ती फाटकांची हकिकत वाचली होती. रात्री त्याच दारातून, कुणी अडवत नाही अशी, आत-बाहेर केली तेव्हा अंगावर काटा आला. अडीच वर्षांत कितीही वेळा गेले तरी तो यायचाच.

भीती माणसांची नाही. मी एकटी रात्री एक-दोनपर्यंत फिरले आहे. दिवसा गर्दीत पाकीट सांभाळा, ते वेगळं. रात्री जपायचं ते पाण्याला. काठांना बहुतेक ठिकाणी कठडा नसतो. काही गल्ल्या सरळ पाण्यात संपतात. पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं, त्यावर पाय ठेवू नका. अरुंद गल्लीत फोनवरचा नकाशा भरकटतो, फोन बघत पुढे चालू नका. वाट चुकली तर 'पेर रिआल्टो' किंवा 'आल्ला फेर्रोव्हिया', म्हणजे स्टेशनकडे, अशी पाटी शोधा.

भरतीचं पाणी नोव्हेंबरात चढतं खरं. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री ते १८७ सेंटिमीटरपर्यंत गेलं होतं. ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तोंडाशी मोसे नावाची उचलती दारं आहेत, मोठी भरती असली की ती वर येतात. सान मार्को सगळ्यांत सखल, तिथे थोडं पाणी तरीही साचू शकतं. घोट्याच्या वर येणारे रबरी बूट तिथे सहज मिळतात.

जेवण. तिथल्या छोट्या पानगृहांना बाकारो म्हणतात आणि काउंटरवरच्या खाण्याला चिकेत्ती. बहुतेक मासे आणि हॅम. पाव-चीजचं तळलेलं मोत्सारेल्ला इन कारोत्सा शाकाहारी दिसतं, पण त्यात अंडं असतंच, शिवाय आत बरेचदा अँचोव्ही मासा असतो. बिगोली इन साल्सा या पास्त्यातही तोच मासा. भाजलेली पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वड्या, वांगी, आर्टिचोकचे गड्डे, त्रेव्हिसोची लाल कडवट पानं हे चालेल. रिसोत्तो, म्हणजे तिथला मऊ भात, मागवताना पाणी कशाचं हे विचारा, मांसाचं असू शकतं. "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओव्हा", म्हणजे मांस, मासे, अंडं नको, हे कागदावर लिहून ठेवा.

आता तुमच्या तारखा बघून मला राहवत नाहीये. २१ नोव्हेंबर हा सालूतेचा सण. १६३० च्या प्लेगमध्ये शहरातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं गेली. तेव्हा सिनेटने नवस केला की साथ गेली तर मेरीचं देऊळ बांधू. बाल्दास्सारे लोंगेना या तरुण वास्तुकाराला काम मिळालं, आणि १६८७ मध्ये हे सालूतेचं चर्च पूर्ण होऊन उघडलं तेव्हा तो जिवंत नव्हता. तो नवस गाव अजून फेडतंय. दरवर्षी ग्रँड कॅनॉलवर तात्पुरता तरंगता पूल टाकतात आणि लोक त्यावरून पायी चर्चला जाऊन मेणबत्ती देतात. हा सण गावकऱ्यांचा आहे. आजीला हाताला धरून नेणारी नातवंडं, बाबागाडीतली बाळं, सगळे. आईंना हे समजावून सांगावं लागणार नाही. सकाळी एकदा जा, आणि रात्री पुन्हा.

गोदाकाठ

परत आलो. ओर्तो थांब्यापासून एक पूल, अशी खोली मिळाली होती.

उंट आईने दोन मिनिटांत शोधला. रात्री त्याच काठावर धुकं होतं, भिंत दिसेना, तरी ती तिथे थांबून बघत राहिली.

२१ ला आम्ही सकाळी त्या पुलावरून गेलो. बाहेरच्या गाड्यावरून आईने दोन मेणबत्त्या घेतल्या. आत एक मुलगा लोकांच्या हातून घेऊन लावत होता. एक बाबांसाठी, हे मला माहीत होतं. दुसरी कुणासाठी, हे तिने परत येताना सांगितलं. तिच्या आजोळी प्लेगने गेलेली एक मावशी होती, जिचा फोटोही नाही. रात्री जेवून पुन्हा तिथवर चालत गेलो. पूल डुलत होता, आईने माझा दंड धरला होता, आणि पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "गुडघा दुखला नाही बघ."